वननाश, कार्बनचे मोल आणि वैद्यसमाजाचे दायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. परीक्षेपुरते वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव पाठ केले की काम भागत असे. परंतु तो अध्याय ज्या प्रसंगाने सुरू होतो, तो प्रसंग फारसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. पांचाल देशात, कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरीस गंगातीरावरील वनातून हिंडत असताना पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात, की सृष्टीची लक्षणे विपरीत दिसत आहेत. भूमीचा रस उणावण्यापूर्वी आणि औषधींचे रस, वीर्य, विपाक, प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्यांचा संग्रह करून ठेवा. सर्वव्यापी संकटाची चाहूल लागताच आचार्यांच्या मनात प्रथम आले ते औषधींचे कोठार, आणि ते कोठार म्हणजे समोर पसरलेले वन होते.

आज जगभर चालू असलेली चर्चाही एका अर्थी जनपदोद्ध्वंसाचीच आहे. तिला हवामानबदल असे नाव आहे, एवढेच. या चर्चेत वनांचा विषय निघतो तो मात्र औषधींच्या अंगाने नव्हे, कार्बनच्या अंगाने. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारणतः निम्मा कार्बन असतो. झाड तोडून जाळले किंवा ते कुजले, की हा कार्बन प्राणवायूशी संयोग पावून हवेत मिसळतो; एक टन कार्बनपासून सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २००७ च्या सुमारास मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा जंगलतोडीतून येतो असे मानले जात असे. अलीकडील अंदाज त्याहून कमी, दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहेत. हिस्सा घटण्याचे एक कारण असे, की मधल्या काळात कोळसा आणि खनिज तेल यांचा धूर पुष्कळ वाढला. तरीही हा हिस्सा क्षुल्लक नव्हे. म्हणून वनसंपन्न परंतु निर्धन देशांनी वने राखावीत आणि त्याबद्दल सधन देशांनी त्यांना मोबदला द्यावा, ही कल्पना पुढे आली. या कल्पनेचे धोरण कसे बनले, त्यात आमच्या मते कोणते वैगुण्य राहिले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चिकित्सा व औषधनिर्मिती करणाऱ्या आपणा सर्वांचा त्याच्याशी काय संबंध पोहोचतो, एवढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

१९९७ च्या क्योटो करारात उभे वन राखण्याला मोबदला नव्हता. २००१ मध्ये मराकेश येथे नियम ठरले, तेव्हा विकसनशील देशांत नवी लागवड केली तर श्रेय मिळेल, परंतु असलेले जंगल वाचविले तर मिळणार नाही, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. वृद्ध रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यास काही नाही आणि पाळणा हलविणाऱ्यास बक्षीस, असाच तो न्याय होता. २००५ मध्ये मॉन्ट्रियल येथे पापुआ न्यू गिनी आणि कोस्टारिका या दोन देशांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. २००७ मध्ये बाली येथे तो वाटाघाटींत दाखल झाला, २०१० मध्ये कानकून येथे त्याला संरक्षक अटी जोडल्या गेल्या, २०१३ मध्ये वॉर्सा येथे त्याची चौकट पूर्ण झाली आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या पाचव्या कलमात त्याला स्थान मिळाले. 'रेड प्लस' या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते. तिचे सूत्र साधे आहे. देशाने आपल्या वनांतील उत्सर्जनाची एक आधारपातळी ठरवावी, उपग्रहांच्या व प्रत्यक्ष मोजणीच्या साहाय्याने ठरावीक काळाने हिशेब द्यावा, आणि आधारपातळीच्या खाली जितके टन उत्सर्जन आणले असेल तितक्या टनांचा मोबदला घ्यावा.

या वाटाघाटींतील भारताची भूमिका लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्राझील वा इंडोनेशिया यांच्याइतकी अफाट जंगलतोड आपल्याकडे होत नव्हती. ज्याने बेसुमार तोडले त्याने तोड थोडी कमी केली की त्याला पैसे, आणि ज्याने आधीपासून राखले त्याच्या हाती काहीच नाही, हे अन्यायाचे होय, असे आपल्या प्रतिनिधींनी आग्रहाने मांडले. वाचविलेला टन आणि वाढविलेला टन यांचे मोल सारखेच, हा त्यांचा युक्तिवाद होता. 'रेड'ला जो 'प्लस' जोडला गेला, म्हणजे संवर्धन, शाश्वत व्यवस्थापन आणि कार्बनसाठ्याची वृद्धी यांचा जो समावेश झाला, त्यात या आग्रहाचा वाटा आहे. भारताने २०१८ च्या जानेवारीत आपली आधारपातळी संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडे सादर केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय रणनीतीही प्रसिद्ध केली. वने आणि वृक्ष यांच्याद्वारे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सामावेल इतका अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे वचनही आपण पॅरिस कराराखाली दिलेले आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा २०२३ चा अहवाल २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००५ च्या तुलनेत २.२९ अब्ज टनांची भर पडलेली आहे. देशाच्या भूभागापैकी २५.१७ टक्के भाग वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन यांखाली असल्याचेही तो अहवाल सांगतो. म्हणजे कागदावर पाहता रोगी जवळजवळ बरा झाला आहे.

आमची शंका सुरू होते ती येथूनच. रोग्याचे वजन वाढले एवढ्यावरून कोणताही वैद्य त्याला निरोगी ठरविणार नाही. वजन मांसधातूने वाढले की शोथाने, हे तो आधी पाहील. नखाने दाबून पाहील. वनाच्या बाबतीत मात्र जगाने वजनकाट्यावरच विश्वास टाकलेला आहे. आपल्याकडील व्याख्या पाहा. एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांचे छत्र दहा टक्के वा त्याहून जास्त असले, की ते क्षेत्र वनाच्छादनात मोजले जाते. जमीन कोणाच्या मालकीची, झाडे कोणत्या जातीची, हे तेथे विचारले जात नाही. फळबाग, बांबूचे बेट, निलगिरीची लागवड आणि शेकडो वर्षांचे मिश्र जंगल यांची गणना एकाच रकान्यात होते. दुसरे असे, की साठ टक्के छत्र असलेले जंगल विरळ होत होत पंधरा टक्क्यांवर आले, तरी त्याचा फक्त वर्ग बदलतो. ते 'वन'च राहते. त्याला वननाश म्हणत नाहीत, वनऱ्हास म्हणतात. 'रेड' या नावात ऱ्हासाचाही समावेश आहे. परंतु ऱ्हास मोजणे तोड मोजण्याहून पुष्कळ अवघड असल्यामुळे अनेक देशांचे हिशेब तोडीपाशीच थांबतात. आणि झाडांच्या जातींचा हिशेब तर कोणीच मागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्याकडे मुळातच वन थोडे. अजिंठ्याच्या रांगांतील ज्ञानगंगा अभयारण्य आणि उत्तरेला जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याचे उतार, ज्यांत मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले अंबाबरवा अभयारण्य येते, हीच काय ती आपली मोठी वने. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या घाटातून चैत्रात जो जातो, त्याला दोन्ही बाजूंना जे उघडेबोडके, राखाडी रान दिसते, ते शुष्क पानझडीचे जंगल होय. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोसांची पायपीट करून ज्ञानगंगेत पोहोचला आणि या रानाचे नाव काही काळ देशभर गाजले. त्या वाघाच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याचे प्रत्येक पाऊल मोजले गेले. सलईच्या गळ्यात पट्टा नाही.

सलई, म्हणजे आपली शल्लकी, ही या रानाची खरी ओळख. हे झाड खडकाळ, उथळ मातीच्या उतारावर उभे राहते. तेथे दुसरे फारसे काही तगत नाही. लाकूड हलके, त्यामुळे सागाच्या पंक्तीत त्याला कोणी बसविले नाही. ते गेले खोक्यांना, काडेपेट्यांना आणि कागदाला. सातपुड्याच्या पलीकडे, आजच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, नेपानगरचा कारखाना १९५६ मध्ये सुरू झाला, तो देशातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना. सलईचे लाकूड हा त्याच्या लगद्याचा एक प्रमुख आधार होता. एका पिढीने सकाळच्या चहाबरोबर ज्या कागदावर बातम्या वाचल्या, त्यात सातपुड्याची सलई होती. (हे त्रैमासिकही कागदावरच छापले जाते, याचा आम्हाला विसर पडलेला नाही.)

आता त्या झाडाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण. संधिवाताच्या रोग्याला वेदनाशामक गोळ्यांपासून दूर ठेवण्यासाठी शल्लकी निर्यासाचा उपयोग आपण सर्वच करतो आणि गुणही येतो, याबद्दल वाद नाही. या निर्यासासाठी खोडाची साल ठरावीक मापाने खरवडून खाच पाडतात आणि पाझरलेला डिंक गोळा करतात. खाच उथळ ठेवली, खोडाच्या एकाच बाजूस घेतली आणि झाडास मध्ये विश्रांती दिली, तर झाड वर्षानुवर्षे डिंक देते. परंतु डिंक चोरून काढणारा उद्याचा विचार करीत नाही. तो चहूबाजूंनी साल सोलतो, खोल घाव घालतो. असे झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षे ते उभेच असते. उपग्रहाला त्याची पालवी दिसते, वनखात्याच्या नकाशावर छत्र कायम असते, कार्बनच्या हिशेबातही ते कायम असते. परंतु त्याची फळे धरण्याची शक्ती क्षीण झालेली असते. सलईचे बियांपासून होणारे पुनरुज्जीवन मुळातच दुबळे. त्यात वणवा आणि चराई. मग एके वर्षी वादळात ते कोसळते आणि त्याच्या जागी घाणेरी माजते. धातुक्षय बाहेरून दिसण्यापूर्वी आत पुष्कळ पुढे गेलेला असतो, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या औषधालयासाठी सलईचा डिंक घेताना आम्ही घाऊक व्यापाऱ्याला सहज विचारले, की हा माल कोणत्या रानातला? तो हसला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डिंकाले कुठी गाव असते काय?" आम्हीही हसलो आणि माल घेऊन आलो. त्या हसण्याची आज आम्हाला लाज वाटते. सातपुड्यातून डिंकाची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. पकडला जातो तो दुचाकीवरून पोते नेणारा पाड्यावरचा पोरगा. पोते ज्याच्या दुकानात पोहोचणार होते तो व्यापारी, आणि त्याच्याकडून ज्यांच्या खलात ते पोहोचणार होते ते आपण, बातमीत कोठेही नसतो.

धोरणकर्त्यांच्या परिभाषेत याला 'गळती' असा शब्द आहे. एका जागी बंदी घातली की तोड नाहीशी होत नाही, ती शेजारी सरकते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पहारा वाढला, की डिंक काढणारे हात बाहेरच्या उतारांकडे वळतात. महाराष्ट्रात कडक झाले, की सीमेपलीकडे. २०२२-२३ मध्ये बऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगरच्या परिसरात अतिक्रमणासाठी जी प्रचंड वृक्षतोड झाली, ती आपल्या जळगाव जामोदपासून फार दूर नाही. गळतीवर उपाय म्हणून रेड प्लसने प्रकल्पाऐवजी संपूर्ण देशाचा हिशेब धरला, हे योग्यच झाले. परंतु मागणी जिवंत असेपर्यंत गळती थांबत नाही, ही गोष्ट त्यात पुरेशी आलेली नाही.

ब्राझीलचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ॲमेझॉनमध्ये २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटले होते. २०१२ मध्ये हा आकडा ४,५७१ वर आला. नॉर्वेसारख्या देशाच्या पैशातून २००८ मध्ये ॲमेझॉन निधी उभा राहिला, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. परंतु घट त्याआधीच सुरू झालेली होती. उपग्रहावरून जवळजवळ तत्काळ मिळणारी सूचना, बेकायदा तोड करणाऱ्याचे बँककर्ज रोखणे आणि २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या खरेदीदारांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरील पीक न घेण्याचा केलेला करार, या तिन्हींचा त्यात वाटा होता. खरेदीदाराने मालाला गाव विचारले, तेव्हा हे घडले. पुढे राज्यकर्ते बदलले, पहारा ढिला पडला आणि २०२१ मध्ये आकडा पुन्हा १३,००० च्या वर गेला, हेही सांगितले पाहिजे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदाच केला, की लाकूड, कॉफी, कोको, रबर, सोया, पामतेल आणि गुरांपासूनचे पदार्थ कोणत्या भूखंडावरून आले हे दाखविल्याखेरीज ते युरोपच्या बाजारात येऊ नयेत. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि औषधी निर्यास त्या यादीत नाहीत. तथापि वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, हे निर्यात करणाऱ्या आपल्या बंधूंनी ओळखावे.

दुसरा प्रश्न, पैसा कोणत्या वनाला आणि कोणाला? २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे झालेल्या परिषदेच्या निमित्ताने 'ट्रॉपिकल फॉरेस्ट्स फॉरेव्हर फॅसिलिटी' हा नवा निधी सुरू करण्यात आला. किती टन वाचले याचा किचकट हिशेब न करता उभ्या वनाला हेक्टरी वर्षाला सुमारे चार डॉलर द्यावेत आणि त्यातील किमान वीस टक्के आदिवासी व स्थानिक समूहांकडे जावेत, अशी ती योजना. टनांच्या मागे धावण्यापेक्षा ही कल्पना आम्हाला अधिक सुज्ञपणाची वाटते. परंतु तिची आखणी आर्द्र, रुंदपर्णी वनांसाठी आहे. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित वने कदाचित त्यात बसतील. सातपुड्याची शुष्क पानझडी वने बसत नाहीत. कार्बनच्या तराजूत ती हलकी भरतात. आपल्या द्रव्यगुणाच्या दृष्टीने पाहिले तर सलई, बिजा, अर्जुन, बेहडा, आवळा, बेल, पळस, धावडा, बाहवा, मोहा हे सारे याच हलक्या वनाचे वैभव. आनूप आणि जांगल देशांतील द्रव्यांचे गुण निराळे असतात, हे ज्या शास्त्राला ठाऊक आहे त्याने जांगल देशाच्या वतीने बोलले पाहिजे. आंतरराष्ट्रीय धोरणकर्त्यांसमोर ते बोलणार दुसरे आहे कोण?

आणखी एक गोष्ट केवळ वैद्यांनाच चटकन पटेल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आणि तेथील मूत्रपिंडाचे रोगी यांच्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर येथील आपल्या बंधूंचा नित्य संबंध येतो. या पट्ट्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, दगडगोट्यांचा जो बझाडा पट्टा आहे, तेथे डोंगरावरून आलेले गोडे पाणी जमिनीत मुरते. उतारावरचे रान गेले की पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाते. कार्बनच्या बाजारात या पाण्याला किंमत नाही.

मोबदला कोणाला, याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे, कंद यांसारख्या गौण वनोपजावर तेथील वननिवासींची मालकी मान्य केली आणि सामूहिक वनाचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे दिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, हे सर्वश्रुत आहे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाचे उदाहरण त्यामानाने कमी माहीत आहे. कोरकू समाजाच्या या गावाने मिळालेले १९२ हेक्टर उजाड वन राखले, झाडे वाढविली, आणि तेथील सीताफळे 'नॅचरल मेळघाट' या नावाने बाजारात आणली. २०१४ मध्ये या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कारही मिळाला. त्या वनात जो कार्बन साठला तो देशाच्या खात्यात जमा झाला. पायविहीरला त्याबद्दल काय मिळावे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. कानकूनच्या अटींत स्थानिक समूहांच्या ज्ञानाचा आणि हक्कांचा आदर करण्याची भाषा आहे. भाषा उत्तम आहे. परंतु हिशेबाची पावती राष्ट्राच्या नावे आणि पहारा ग्रामसभेच्या माथी, ही रचना बदलल्याविना सातपुड्यातील भिलाला, बारेला, निहाल वा कोरकू कुटुंबाला सलई वाचविण्याचे कारण कसे मिळणार?

येथे एक आक्षेप आमच्या कानी येतो आणि तो आम्ही मान्य करतो. हवा बिघडविली ती प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या धुराड्यांनी. मग ओझे आमच्या रानावर का? म्हणूनच वनरक्षणाला मोबदला देणे वेगळे आणि त्या बदल्यात धूर सोडण्याचा परवाना विकत घेणे वेगळे, असे आम्ही मानतो. दुसऱ्याने लंघन करावयाचे आणि लाघव आपल्या खात्यात जमा करून आपण यथेच्छ भोजन करावयाचे, असे शरीरशास्त्रात चालत नाही. वातावरणातही चालणार नाही. जंगल वाचविल्याचे सांगून विकल्या गेलेल्या कार्बन-श्रेयांपैकी पुष्कळशी फुगवलेल्या आधारपातळीवर उभी होती, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून पुढे आले, त्याचे आम्हाला आश्चर्य वाटले नाही. व्याधीची साध्यता अतिशयोक्तीने सांगून फी वाढविणारे सर्वत्र असतात.

परंतु दुसऱ्याच्या निदानात दोष काढून आपले निदान टळत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वर्षाला शंभर टनांहून अधिक खप असलेल्या १७८ औषधी वनस्पतींपैकी ७० उष्ण कटिबंधीय वनांतून आणि २१ समशीतोष्ण वनांतून येत होत्या. ४६ रस्त्याकडेच्या व पडीक जमिनीवरून, ५ परदेशांतून. मुख्यतः लागवडीतून येणाऱ्या अवघ्या ३६. म्हणजे निम्म्याहून अधिक माल वनातला. आणि दशमूळ घ्या. बृहत्पंचमुळातील बिल्व, श्योनाक, गंभारी, पाटला, अग्निमंथ यांचे शास्त्रोक्त अंग आहे मूळ. मूळ काढले की झाड संपले. गावोगावच्या औषधालयांत दशमुळारिष्टाच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. त्यातील टेटू आणि शिवण कोठली, किती वयाची, मूळच होते की खोडाची साल, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? लागवड अशक्य आहे असेही नाही. अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात पानपिंपळी आणि सफेद मुसळी शेतकरी पिकवितातच. वृक्षांना वेळ लागतो, एवढेच. म्हणून तर ती आधी लावावयास हवीत.

येथे कायद्याचीही एक बाजू आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत उत्पादकाने विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के रक्कम लाभवाटपासाठी द्यावी असा पर्याय होता. हे बंधन देशी उत्पादकांनाही लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान व लागवडीतील औषधी वनस्पती यांना सवलत मिळाली. आपल्या व्यवसायात या दुरुस्तीचे स्वागत झाले. कारकुनी कटकट टळली याबद्दल आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला, हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा ते पन्नास पैसे ज्याच्या रानातून द्रव्य आले त्याला देणे, ही कल्पनाच त्यामुळे चुकीची ठरली, असे कोणी समजू नये. संहिता आपली आहे. सलई त्यांची आहे. कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटत नाही.

वैद्यबंधू-भगिनींनो आणि औषधनिर्माते मित्रहो, बेलेमच्या वाटाघाटींत आपले मत कोणी विचारणार नाही. परंतु ज्या दोन गोष्टी त्या धोरणात राहून गेल्या आहेत, म्हणजे द्रव्याची जात व मूळ विचारणारा खरेदीदार आणि ग्रामसभेपर्यंत थेट पोहोचणारा पैसा, त्या दोन्ही आपल्या हातच्या आहेत. लहान औषधालयाचे मालक म्हणतील, आमचा खप किलोंत, कंपन्यांचा टनांत. आमच्याने काय होणार? हे खरे आहे. पण कच्च्या द्रव्यांची नोंदवही शेड्यूल टी प्रमाणे आपण ठेवतोच. तिच्यात पुरवठादाराच्या नावाशेजारी आणखी तीन रकाने आखावेत, असे आम्ही सुचवितो: द्रव्य वनातील की लागवडीतील; वनातील असल्यास कोणत्या तालुक्यातील आणि कोणत्या महिन्यात काढलेले; आणि मूळ, साल, निर्यास की फळ. मूळ वा साल असेल तेथे लागवडीचा माल मिळतो का, ते प्रथम पाहावे. संघटनेने सर्वांची सलईची मागणी एकत्र करून सामूहिक वनहक्क असलेल्या एखाद्या ग्रामसभेशी थेट बोलणी करावीत, खाच कशी घ्यावी आणि झाडास विश्रांती केव्हा द्यावी हे वनखात्याच्या संमतीने ठरवावे, आणि बाजारभावावर शेकडा पन्नास पैसे नव्हे, चांगले दहा रुपये अधिक द्यावेत. विरोधी मते असल्यास ती आम्हाला अवश्य कळवावीत. पुढील अंकात त्यांना जागा मिळेल.

आमच्या स्वतःच्या औषधालयात हे रकाने आम्ही गेल्या दिवाळीपासून भरावयास घेतले आहेत. नियमित लागणाऱ्या चौदा द्रव्यांपैकी पाचांचे मूळ आजवर लिहिता आले. दोन व्यापाऱ्यांनी विचारपूस केल्याचा राग धरला, एकाने मात्र पुढच्या खेपेस चिठ्ठीवर गावाचे नाव लिहून आणले. सलईचा रकाना अद्याप रिकामा आहे.